मारेकऱ्याचा कांगावा : सोंग नेमकं कुठे उघडं पडतं?

उलटतपासणी

खून करून स्वतःच बळी असल्याचा आव आणणाऱ्यांचा विषय निघाला की चर्चा ठरावीक दोन वाटांनी जाते. एक, "किती थंड रक्ताचा माणूस", आणि दोन, "डोळ्यांतच दिसत होतं". दोन्हींतून हाती काही लागत नाही. म्हणून हा धागा.

मराठीत या वागण्याला नेमका शब्द आहे, कांगावा. जेनिफर फ्रेड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये, मुख्यतः लैंगिक अत्याचार करणाऱ्यांच्या संदर्भात, त्याची तीन पावलं मांडली. आधी साफ नाकारायचं. मग बोट दाखवणाऱ्यावरच उलटायचं. मग बळी आणि गुन्हेगार यांच्या जागांची अदलाबदल करायची. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'डार्वो' म्हणतात. खुनाच्या प्रकरणांत हाच साचा दिसतो, फक्त खरा बळी बोलायला उरलेला नसतो.

सोंगाचे प्रकार वेगवेगळे. "अनोळखी माणसाने आमच्यावर हल्ला केला, मी कसाबसा वाचलो." "माझं माणूस बेपत्ता आहे, कृपा करून शोधा." "तोच मला छळत होता, मी जीव वाचवला." आजारी मुलाची झिजणारी आई हाही एक प्रकार. शिवाय खुनाच्या आधी आमिष म्हणून वापरलेली लाचारी. टेड बंडीने १४ जुलै १९७४ ला लेक सॅमामिशच्या काठावर हात गळ्यात अडकवून 'होडी गाडीवर चढवायला मदत कराल का' असं तरुणींना विचारलं होतं. दोघी त्याच्याबरोबर गेल्या आणि परतल्या नाहीत.

माझं म्हणणं असं की हे सोंग चेहऱ्यावर शोधू नये. ते घटनेआधीच्या नोंदींत आणि तपासता येण्यासारख्या बारीकसारीक तपशिलांत शोधावं. एक उदाहरण जरा जवळून बघू.

२५ ऑक्टोबर १९९४, युनियन, साउथ कॅरोलायना. सुझन स्मिथने सांगितलं की लाल सिग्नलला गाडी थांबली असताना एक कृष्णवर्णीय माणूस बंदूक घेऊन आत शिरला, आणि पुढे तिला उतरवून तिच्या दोन मुलांसकट गाडी घेऊन गेला. मुलं ३ वर्षांचं आणि १४ महिन्यांचं. रस्त्यावर दुसरी गाडी होती का? नव्हती, असं ती म्हणाली. आता त्या चौकातला सिग्नल असा होता की मुख्य रस्त्याला कायम हिरवा. आडव्या रस्त्यावर गाडी आली तरच लाल. दुसरी गाडी नसेल तर लाल दिवा लागणारच नाही. नऊ दिवस ती दूरचित्रवाणीवर मुलांसाठी विनवण्या करत होती. ३ नोव्हेंबरला तिने कबुली दिली. गाडी जॉन डी. लाँग तलावात होती, मुलं मागच्या सीटवर पट्ट्यांत बांधलेली.

इथे खोटं कसं तयार झालं ते बघा. गाडी लुटायची तर ती थांबलेली हवी. थांबायची तर सिग्नल लाल हवा. डोकं 'असं होतं तेव्हा काय काय होत असेल' या साच्यातून प्रसंग उभा करतं. तो ऐकायला अगदी पटण्यासारखा असतो, पण ती विशिष्ट जागा, ती वेळ, ते यंत्र त्या साच्याप्रमाणे चालत नाही. तपास करणाऱ्याला खोटं सापडतं ते याच सांध्यात.

मनोगती

चांगला विषय. एक भर घालतो. 'हे सगळं ठरवून केलेलं नाटक' एवढंच धरलं तर अर्धं मानसशास्त्र निसटतं. बऱ्याच जणांना आपण बळी आहोत हे मनापासून वाटत असतं, आणि खून त्या वाटण्यातूनच होतो. सोंग खुनानंतर चढवलेलं नसतं. ते आधीपासून अंगावर असतं.

साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये गुन्हेगार स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतात याच्या पाच तऱ्हा सांगितल्या: माझी जबाबदारी नाही, कुणाचं काही बिघडलं नाही, ज्याचं बिघडलं त्याची तीच लायकी होती, मला बोलणारेच भ्रष्ट आहेत, मी हे मोठ्या निष्ठेपोटी केलं. कांगावखोर मारेकऱ्याच्या तोंडी तिसरी आणि चौथी सतत येते. या समजुती कृत्यानंतरच्या सबबी नसून कृत्याआधीच वाट मोकळी करून देतात, हा त्यांच्या मांडणीतला खरा मुद्दा.

दुसरं, बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांचं १९९० चं काम. साध्या रागाच्या प्रसंगांतही दुखावणारा आणि दुखावला गेलेला एकच घटना वेगळी सांगतात. दुखावणाऱ्याच्या लेखी ती एक सुटी घटना असते, तिला कारण असतं आणि ती संपलेली असते. दुखावलेल्याच्या लेखी ती लांब साखळीतली एक कडी असते आणि परिणाम अजून चालू असतात. ही फट तुमच्याआमच्यातही असते. इथे ती इतकी रुंद होते की पत्नीने घटस्फोट मागणं हा 'हल्ला' ठरतो आणि तिला मारणं हे 'उत्तर'.

२०२० मध्ये गबाई आणि सहकाऱ्यांनी 'आपण सतत बळीच' असं मानणाऱ्या स्वभावाचे चार पदर दाखवले: आपलं दुःख इतरांनी मान्य करावं याची भूक, नैतिकदृष्ट्या आपणच वरचढ ही खात्री, दुसऱ्याच्या वेदनेबद्दल आटलेली सहानुभूती, आणि जुन्या अपमानांचं रवंथ. असा स्वभाव असलेला माणूस खुनी असतो असं अजिबात नाही, बहुसंख्य कधी कुणाला हातही लावत नाहीत. पण ज्याने मारलं आणि वर कांगावा केला, त्याच्या आधीच्या पत्रांत, संदेशांत हे चारही पदर बहुतेकदा मिळतात.

कवडसा

मग याला सायकोपाथ म्हणायचं की नाही?

मनोगती

सरसकट नाही. सायकोपाथी मोजायची रॉबर्ट हेअर या मानसशास्त्रज्ञांची तपासणी-सूची २० मुद्द्यांची, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ४०. अमेरिकेत साधारण ३० च्या वर गेलं की ते निदान लावतात. त्यात वरवरची मोहिनी, सराईत खोटेपणा, पश्चात्तापाचा अभाव आणि 'जबाबदारी न घेणं' हे मुद्दे आहेत, म्हणून कांगावा तिथे बसतो. पण हे गुण प्रशिक्षित माणसाने लांबलचक मुलाखत आणि जुनी कागदपत्रं दोन्ही बघून द्यायचे असतात. बातमी वाचून द्यायचे नसतात.

बरेच कांगावखोर मारेकरी त्या रेषेच्या खूप खाली असतात. लाज, कर्ज, दुसरं प्रेमप्रकरण, ताबा सुटण्याची भीती, 'चांगला माणूस' ही प्रतिमा कोसळण्याची भीती. ज्याची प्रतिमा त्याला जिवापेक्षा मोठी, त्याला गुन्हेगार होणं परवडत नाही. बळी होणं परवडतं.

तिठा

अश्रूंबद्दल. लीन टेन ब्रिंक आणि स्टीफन पोर्टर यांनी २०१२ मध्ये बेपत्ता आप्तांसाठी दूरचित्रवाणीवर आवाहन करणाऱ्या ७८ जणांच्या चित्रफिती चौकटी-चौकटीने तपासल्या. त्यातले ३५ जण पुढे स्वतःच खुनी ठरले. फरक कपाळात आणि ओठांच्या कोपऱ्यात सापडला. खऱ्या दुःखात भुवयांमधला आक्रसणारा स्नायू आणि तोंडाचे कोपरे खाली ओढणारा स्नायू कामाला लागतो, आणि हे ठरवून करणं फार अवघड. खोट्यांच्या बाबतीत अख्खं कपाळ वर जायचं, म्हणजे चेहरा दुःखाऐवजी आश्चर्याकडे झुकायचा. शिवाय हसण्याचा स्नायू नकळत डोकावायचा. शब्दही कमी, आणि गुळमुळीत. म्हणजे चेहऱ्यात काहीच नसतं असंही नाही.

उलटतपासणी

@तिठा, तो अभ्यास चांगला आहे, पण तो वापरायचा कसा? तो गटांमधला सरासरी फरक आहे. प्रशिक्षित लोकांनी चित्रफीत थांबवून थांबवून स्नायू मोजले तेव्हा तो दिसला. घरी बसून बातम्या बघताना तो दिसत नाही. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोग एकत्र करून काढलेला आकडा ५४ टक्के आहे. माणसं खरं-खोटं ओळखण्यात इतकीच बरोबर येतात. नाणं उडवलं तर ५०.

पाणवठा

इथे लिंडी चेंबरलेन आठवलीच पाहिजे. १७ ऑगस्ट १९८०, ऑस्ट्रेलियात उलुरूजवळ तंबूतून तिची ९ आठवड्यांची मुलगी डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, नेली. आई रडली नाही, कॅमेऱ्यासमोर शांत बोलली, म्हणून लोकांनी तिला खुनी ठरवून टाकलं. गाडीत 'रक्त' सापडल्याचा अहवाल आला. त्या डागांचा मोठा भाग आवाज दाबणाऱ्या रसायनाचा फवारा असल्याचं पुढे दिसलं. १९८२ मध्ये जन्मठेप. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट डिंगोंच्या वावराच्या जागी सापडलं तेव्हा सुटका, १९८८ मध्ये शिक्षा रद्द, आणि मृत्यू डिंगोमुळे झाला ही अधिकृत नोंद २०१२ मध्ये. बत्तीस वर्षं. खरी बळी असलेल्या बाईला 'बळीचं सोंग करणारी' ठरवण्याची ही किंमत.

अमेरिकेत तातडीच्या मदतीला केलेल्या पहिल्या फोनवरून अपराधी ओळखण्याची एक पद्धत पोलिसांना शिकवली गेली. आधी स्वतःचं नाव सांगितलं, 'कृपया' म्हटलं, पहिल्या वाक्यात मदत मागितली नाही, असल्या खुणा. पुढच्या अभ्यासांत त्या टिकल्या नाहीत, पण तोवर त्या न्यायालयांपर्यंत पोचल्या होत्या. धक्क्यात असलेली माणसं हसतात, जेवण्याचं विचारतात, झोपतात. दुःखाचा एकच चेहरा नसतो.

नोंदवही

पाणवठा, अगदी सहमत. आता जखमांबद्दल लिहितो, कारण 'माझ्यावरही हल्ला झाला' या सोंगाचा पाया तोच असतो.

स्वतः केलेल्या बनावट जखमांची न्यायवैद्यकातली ओळख साधारण अशी. जखमा उथळ, संख्येने बऱ्याच, एकमेकींना समांतर आणि सारख्या लांबीच्या. हात पोचेल अशाच जागी. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या हातावर, छातीच्या डाव्या बाजूला. डोळे, ओठ, स्तनाग्रं अशा नाजूक जागा वगळलेल्या. कपडा असलेल्या जागी जखम आहे पण कपडा फाटलेला नाही, किंवा फाटला तर छेद जखमेवर बसत नाही. तळहात आणि बोटांच्या आतल्या बाजूला बचाव करताना होणारे काप नाहीत. खरा चाकूहल्ला हलत्या माणसावर होतो, म्हणून तिथे खोली, दिशा, लांबी सगळं विस्कळीत असतं.

पाहणीत हमखास होणाऱ्या चुका: जखम धुऊन, टाके घालून मग फोटो काढणं, मोजपट्टी न ठेवता काढणं, कपडे एकाच पिशवीत ओले कोंबणं. जखम आणि कपड्यावरचा छेद शेजारी ठेवून मोजता आला नाही तर वरचं निम्मं ज्ञान वाया जातं.

तिठा

@नोंदवही, पण चार्ल्स स्टुअर्टला हा नियम लागू पडत नाही. २३ ऑक्टोबर १९८९, बॉस्टन. गर्भवती पत्नीला गाडीत डोक्यात गोळी घातली आणि स्वतःच्या पोटात झाडून घेतली. त्याची जखम उथळ नव्हती. शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे तो रुग्णालयात होता. लुटारूने हल्ला केला या त्याच्या गोष्टीवर सगळ्यांनी विश्वास ठेवला तो त्यामुळेच.

नोंदवही

बरोबर, आणि हा अपवाद नीट समजून घेण्यासारखा आहे. वरच्या खुणा धारदार हत्याराच्या आहेत. गोळीचा जोर कमी-जास्त करता येत नाही. पोटात काही सेंटिमीटर इकडेतिकडे झालं की 'किरकोळ' ठरवलेली जखम प्राणावर बेतते. म्हणून 'जखम गंभीर आहे, म्हणजे ती त्याने केलेली नाही' हा निष्कर्ष काढूच नये. त्या प्रकरणात धागा निघाला तो भावाकडून. रिव्हॉल्वर आणि पत्नीची बॅग चार्ल्सने भावाच्या हाती दिली होती, ती नदीत फेकली गेली. ३ जानेवारी १९९० ला भाऊ बोलला आणि दुसऱ्या दिवशी चार्ल्सने टोबिन पुलावरून उडी घेतली.

गोळीच्या प्रकरणांत जखमेपेक्षा वेळ बोलते. डायन डाउन्स, १९ मे १९८३, ओरेगनमधलं स्प्रिंगफील्ड. 'झिपऱ्या केसांच्या अनोळखी माणसाने' तिच्या तीन मुलांवर गोळ्या झाडल्या, एक मुलगी दगावली, आणि तिच्या स्वतःच्या डाव्या हाताला कोपराखाली गोळी लागलेली. आपण सुसाट रुग्णालयाकडे निघालो असं ती म्हणाली. तिच्या मागे असलेल्या वाहनचालकाने सांगितलं की ती गाडी ताशी ५ ते ७ मैलांनी रांगत होती. मागच्या सीटवर मुलं रक्ताच्या थारोळ्यात, आणि माणसाच्या हळू धावण्याइतकाच वेग. पुढे तिच्या वाचलेल्या मुलीने न्यायालयात आईकडे बोट दाखवलं.

कवडसा

स्टुअर्ट आणि स्मिथ, दोघांनीही 'कृष्णवर्णीय माणूस' सांगितला. हा योगायोग नाही ना?

उलटतपासणी

नाही. कांगावखोर ऐकणाऱ्याच्या मनात आधीच बसलेला संशयित निवडतो. त्याला पुरावा द्यावा लागत नाही, पूर्वग्रहच काम करतो. बॉस्टनमध्ये मिशन हिल भागात पोलिसांनी कृष्णवर्णीय तरुणांना रस्त्यात अडवून झडत्या घेतल्या, आणि एका निरपराध माणसाला स्टुअर्टने ओळख परेडीत 'ओळखलं'सुद्धा. शहराच्या महापौरांनी जाहीर माफी मागितली ती २०२३ मध्ये.

संशयित अनोळखीच असतो असंही नाही. मिक फिलपॉटने ११ मे २०१२ च्या पहाटे इंग्लंडमधल्या डर्बीत स्वतःच्या घराच्या दाराशी पेट्रोल ओतून आग लावली. त्याला सोडून गेलेल्या बाईवर आळ घालायचा होता, कारण मुलांच्या ताब्याची सुनावणी त्याच दिवशी होती. मुलांना वरच्या खिडकीतून आपणच वाचवायचं, म्हणजे बळी आणि तारणहार दोन्ही, असा बेत. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि एकदम पेटते हे त्याच्या हिशोबात नव्हतं. सहा मुलं गेली. पाच दिवसांनी पत्रकार परिषदेत तो रडला. २०१३ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी त्याला जन्मठेप झाली. इथे पुन्हा तेच: कुणावर आळ घेतला जातोय आणि त्या माणसाशी आरोप करणाऱ्याचं त्या आठवड्यात काय चालू होतं, हा पहिला प्रश्न हवा.

साक्षेप

घरातल्या हिंसेवर कुणी आलं नाही अजून. कांगावा सगळ्यात जास्त तिथे पचतो.

पोलिस दारात येतात. पुरुषाच्या हातावर चावा आणि ओरखडे स्पष्ट दिसतात, बाईच्या अंगावर काही दिसत नाही. 'हिनेच मारलं.' गळा दाबला जात असताना माणूस हाताशी लागेल तिथे ओरबाडतो, चावतो. त्या जखमा लगेच दिसतात. दाबलेल्या गळ्यावर मात्र बऱ्याचदा काही उमटत नाही. सॅन डिएगोतल्या ३०० प्रकरणांच्या तपासणीत निम्म्यांच्या गळ्यावर दिसणारी खूणच नव्हती, आणि आणखी ३५ टक्क्यांमध्ये ती इतकी पुसट की फोटोत येईना. म्हणून विचारायचं ते हे: आवाज बसला आहे का, गिळताना दुखतं का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात किंवा पापणीच्या आत लाल ठिपके आहेत का, मधले काही क्षण आठवत नाहीत का, नकळत लघवी झाली होती का. चाव्याची जागाही बघायची. दंडाच्या किंवा कोपराखालच्या आतल्या बाजूला असेल तर तो हात बहुधा गळ्याभोवती होता. यातलं एक जरी 'हो' आलं तरी डॉक्टरकडे, कारण सूज नंतर वाढते. आणि गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे त्याच माणसाकडून खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त दिसला आहे.

जेन मंक्टन स्मिथ यांनी २०१९ मध्ये जोडीदाराच्या ३७२ खुनांतून आठ टप्पे मांडले. सुरुवात त्या माणसाच्या आधीच्या नात्यांतल्या नोंदींपासून. मग वेगाने घट्ट झालेलं नातं, जबरदस्तीचं नियंत्रण, ठिणगी (बहुतेकदा सोडून जाणं), वाढती दडपणं, 'आता दुसराच मार्ग' असा बदललेला विचार, तयारी, खून. 'क्षणात भान सुटलं' ही सबब सहाव्या-सातव्या टप्प्याला पुसून टाकायचा प्रयत्न असते.

पाणवठा

पण मग खरोखर छळ सोसलेल्या बाईने मारलं तर? सॅली चॅलनने २०१० मध्ये नवऱ्याला मारलं, २०११ मध्ये खुनाची शिक्षा झाली, आणि अनेक वर्षांच्या नियंत्रणाचा विचार झाल्यावर २०१९ मध्ये ती शिक्षा रद्द होऊन सुटका झाली. छळ करणाऱ्या नवऱ्याला मारलेल्या किरणजीत अहलुवालियांचं १९९२ चं अपील त्याच्या आधीचं. 'बळीचं नाटक' म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजलं तर अशा बाया तुरुंगातच राहतील.

साक्षेप

म्हणूनच मोजमाप चेहऱ्याचं नको, नोंदींचं हवं. मी तीन गोष्टी बघेन.

पहिली, तक्रार कधी जन्मली. खऱ्या छळाच्या खुणा खुनाच्या आधीच्या असतात: डॉक्टरांची टिपणं, मैत्रिणीला पाठवलेले संदेश, शेजाऱ्यांनी ऐकलेलं, पैशांवरचं नियंत्रण, गाठीभेटी बंद होत गेलेल्या. त्या अपुऱ्या असू शकतात, कारण लाजेने बरंच लपवलं जातं. पण मागे जावं तसतसं काही ना काही सापडत जातं.

दुसरी, गोष्ट किती वेळा आणि कशामुळे बदलली. आघाताने आठवणी तुटक होतात, क्रम चुकतो, नवे तुकडे नंतर आठवतात. तो बदल पुरावा पुढे आला म्हणून होत नाही. माजी प्रियकराला मारलेल्या जोडी एरियसच्या प्रकरणात (जून २००८, मेसा, ॲरिझोना) आधी 'मी तिथे नव्हतेच', मग तिथले फोटो सापडल्यावर 'दोन घुसखोर होते', मग 'मी स्वतःला वाचवलं'. दर वेळी आधीचं दार बंद झाल्यावरच नवं उघडलं.

तिसरी, तयारी. तिने प्रवासाआधी ओळखीच्याकडून दोन इंधनाचे कॅन मागून घेतले आणि कॅलिफोर्नियातल्या सॅलिनसमध्ये तिसरा विकत घेतला. ॲरिझोनात कुठे पेट्रोल भरल्याची नोंद होऊ नये यासाठी हे होतं, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. तिसरा कॅन परत केला असं तिने शपथेवर सांगितलं. दुकानाच्या नोंदीत परतावा नव्हता. एका डब्याच्या पावतीने स्वसंरक्षणाची गोष्ट जेवढी हलवली तेवढी अठरा दिवसांच्या साक्षीने सावरली नाही.

तिठा

आजारी मुलाच्या आईबद्दल दोन ओळी. लेसी स्पीअर्सने पाच वर्षांच्या मुलाच्या दुखण्याबद्दल ब्लॉग लिहिला, सहानुभूती गोळा केली. जानेवारी २०१४ मध्ये तो गेला, रक्तात सोडियम कुठल्याही आजाराने समजावता येणार नाही इतकं. पोटातल्या नळीवाटे मीठ जात होतं. तिने मैत्रिणीला फोन करून एक पोषणाची पिशवी फेकून द्यायला सांगितली, आणि तेच अंगाशी आलं.

आणि लगेच उलट बाजू: स्वतःची दोन बाळं मारल्याचा आरोप झालेली आई, सॅली क्लार्क. एका घरात दोन बाळं अशी अचानक दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं न्यायालयात सांगितलं गेलं. दोन मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्र धरून नुसता गुणाकार केला होता. १९९९ मध्ये शिक्षा, २००३ मध्ये सुटका. तिथे मोजलेलं रसायन नव्हतं, चुकीचं गणित होतं. मीठ मोजता येतं, संशय मोजता येत नाही.

कवडसा

अशा माणसाची चौकशी प्रत्यक्षात कशी करतात? दरडावून तर तो आणखी बळी होतो.

साक्षेप

हो, दरडावणं ही त्याला दिलेली भेटच. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहिती काढण्यावर भर देणारी मुलाखत शिकवतात, कबुली उकळण्यावर नाही. क्रम साधारण असा.

पहिली मुलाखत शक्य तितक्या लवकर, चित्रमुद्रित, आणि साक्षीदार म्हणूनच. 'बिचारा दुःखात आहे, उद्या बघू' इथे सगळ्यात मोठं नुकसान होतं. रात्रभरात गोष्ट घासूनपुसून तयार होते. मग एकच मोकळा प्रश्न: "सकाळी उठल्यापासून आमच्याशी बोलेपर्यंत सगळं सांगा." मध्ये तोडायचं नाही, तपशील सुचवायचा नाही. संपल्यावर कागदावर नकाशा काढून घ्यायचा: कोण कुठे उभं, दार कुठल्या बाजूला उघडतं, उजेड कुठून. मग तीच गोष्ट शेवटाकडून मागे सांगायला लावायची. रचलेली गोष्ट पुढच्या दिशेने पाठ असते. उलटी सांगताना डोक्यावर ताण येतो आणि तपशील आटतात. हाही पुरावा नव्हे, कुठे खणायचं याची खूण फक्त.

पुरावा हातात असेल तर तो शेवटी दाखवायचा. समजा गाडी पहाटे एका रस्त्यावर दिसली आहे. आधी विचारायचं, गाडी कोण कोण चालवतं, चावी कुठे असते, त्या रात्री ती कुठे कुठे गेली. सगळ्या पळवाटा त्याच्याच शब्दांत बंद झाल्या की मग चित्रण. आधी दाखवलं तर तो गोष्ट त्याभोवती शिवून देतो.

घरातून काय गेलं नाही, हेही बघायचं. पत्नी आणि दोन मुलींना मारलेल्या अमेरिकेतल्या ख्रिस वॉट्सने ऑगस्ट २०१८ मध्ये सांगितलं की पत्नी मुलींना घेऊन मैत्रिणीकडे गेली. तिचा फोन, पर्स, गाडी, गाडीतल्या मुलींच्या खुर्च्या, औषधं, सगळं घरात होतं.

त्याच चौकशीत काय बिघडलं तेही पाहा. त्याला बोलतं करण्यासाठी 'मुलींना तिने काही केलं का' असं चौकशी करणाऱ्यांनीच सुचवलं. त्याने ते लगेच उचललं: तिने मुलींना मारलं, मी रागाने तिला. म्हणजे बळीची जागा त्यांनीच रिकामी करून दिली आणि तो तिथे जाऊन बसला. नोव्हेंबरमध्ये त्याने सगळे गुन्हे मान्य केले, पण सविस्तर हकिगत पुढच्या फेब्रुवारीत तुरुंगात सांगितली. तोवर मेलेल्या आईवर जगभर चिखल उडाला होता. सोपी सबब सुचवून कबुली मिळवण्याचा हा धोका. निरपराध माणसाच्या बाबतीत तर हाच मार्ग खोट्या कबुलीकडे जातो.

पाणवठा

आणि पोलिसांच्याही आधी, घरच्यांनी, मित्रांनी काय करावं?

मनोगती

हार्सी आणि फ्रेड यांच्या २०२० च्या प्रयोगांत कांगावा ऐकलेल्यांचा खऱ्या बळीवरचा विश्वास घटला, तिलाच जास्त दोषी धरलं गेलं. पण या युक्तीची ओळख आधी करून दिली होती त्यांच्यावर तिचा परिणाम कमी झाला. म्हणजे नुसतं माहीत असण्याचाही उपयोग आहे.

व्यवहारात: दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' करू नका, तिथे जो बोलण्यात तरबेज तोच जिंकतो. वेगवेगळं ऐका. 'तिने मला उद्ध्वस्त केलं' अशा वाक्यावर एकच प्रश्न: तिने नेमकं काय केलं, कधी? उत्तरात तिने घेतलेला निर्णय येतो की तिने केलेलं नुकसान, ते नीट ऐका. 'ती सोडून गेली' हा निर्णय आहे. तारखेसह लिहून ठेवा, संदेश पुसू नका. सोडून जाण्याच्या आसपास 'मी जगणार नाही, कुणालाच जगू देणार नाही' असं आलं तर ते दुःखाचे बोल समजून सोडू नका. त्या माणसाला मदत मिळवून द्या आणि त्याच दिवशी जिला धोका आहे तिला कळवा.

कवडसा

शिक्षेनंतर तरी सोंग उतरतं का?

नोंदवही

काहींचं कधीच नाही. डाउन्सच्या हल्लेखोराचं रूप वर्षांगणिक बदलत गेलं. एक झिपरा माणूस, मग दोन माणसं, मग अमली पदार्थवाले आणि भ्रष्ट पोलिस. २००८ मध्ये पॅरोल नाकारला गेला तेव्हाही ती निर्दोषच होती, तिच्या लेखी.

पॅरोल मंडळांनाही फसवलं जातं. पोर्टर आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात, सायकोपाथीचे गुण जास्त असलेल्या कैद्यांना सशर्त सुटका मिळण्याची शक्यता इतरांच्या साधारण अडीच पट निघाली, आणि बाहेर पडल्यावर त्यांचीच वागणूक जास्त वाईट. सुनावणीतला पश्चात्ताप त्यांना छान जमतो.

म्हणून सुनावणीची प्रत हातात घेऊन वाक्यं वेगळी काढावीत, असं मला वाटतं. एका रकान्यात 'मी'ची: मी किती सोसलं, मी किती बदललो, मला किती पश्चात्ताप. दुसऱ्यात मेलेल्या माणसाची: त्याचं नाव, त्याने त्या क्षणी काय अनुभवलं असेल, त्याच्या मागे कोण उरलं. मग फिर्यादी बाजूच्या कागदपत्रांतला एखादा तपशील घेऊन विचारावं, हा तुमच्या सांगण्यात का नाही? आणि उत्तर पुन्हा पहिल्याच रकान्यात पडतं का ते बघावं.